मधला एक इंच

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला यंत्रातले काही कळत नाही, असा एक समज आपल्या समाजात रूढ आहे. समज बरोबर आहे. फक्त त्याला एक जोडपत्र लावायला हवे. यंत्रातले कळत नसले, तरी बँकवाल्याला जोडातले कळते. आमचा धंदाच मुळी जोडाचा. फॉर्मला फोटो जोडा, फोटोला सही जोडा, सहीला साक्षीदार जोडा. वीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे. पहिला कागद सहसा हरवत नाही आणि शेवटचाही हरवत नाही. घोळ होतो तो ‘सोबत जोडले आहे’ असे लिहिलेल्या ठिकाणी.

मराठी भाषेलाही जोडाचे भारी वेड. लिहायला बसावे तर जोडाक्षर, पगार पुरेना तर जोडधंदा, लग्न झाले की पायात जोडवी. जोडा मांडवात असला की शोभतो आणि देवळाबाहेर असला की चोरीला जातो. पण आज मी ज्या जोडाबद्दल सांगणार आहे, तो यांपैकी कशातही बसत नाही. तो आहे एका घरी बनवलेल्या मोटारीच्या पेट्रोलच्या नळीतला. टाकीकडून आलेला लोखंडी पाईप जिथे संपतो आणि इंजिनाकडे जाणारा रबरी होज जिथे सुरू होतो, तिथला. लांबी म्हणाल तर एक इंच. पण या एका इंचाने आमच्या बहिणीच्या घरात जे घडवले, ते आमच्या बँकेच्या लवाद समितीलाही जमले नसते.

आता तुम्ही म्हणाल, मोटार काय कोणी घरी बनवतो? घरी लोणचे घालतात, फार तर आकाशकंदील बनवतात. पण बनवतात. इंग्लंडात तर त्याची रीतच होती, आणि कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला अभिमानाने सांगावेसे वाटते की त्या रीतीच्या मुळाशी इंजिनिअरिंग नव्हते, टॅक्स होता! तयार मोटार घेतली की तिच्यावर तिकडे खरेदीकर लागे. तीच मोटार सुट्या भागांत घेऊन स्वतः जोडली की तो कर लागत नसे. कॉलिन चॅपमन नावाच्या गृहस्थाने १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ नावाची हलकीफुलकी उघडी गाडी काढली आणि ती अशी सुट्या भागांत विकली. सरकारही काही कमी नव्हते. सुट्या भागांबरोबर गाडी जोडण्याची माहिती द्यायची नाही, अशी अट होती म्हणतात. त्यावर कंपनीने गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाईकाने ती शेवटून सुरुवातीकडे वाचली, अशी आख्यायिका आहे. कर चुकवणे आणि कर टाळणे यांत फरक असतो. पहिल्याला नोटीस येते, दुसऱ्याला सी.ए.ची फी पडते. पुढे १९७३ साली तिकडे व्हॅट आला, सुट्या भागांची ही सवलत संपली, आणि त्याच वर्षी त्या गाडीचे हक्क केटरहॅम नावाच्या विक्रेत्याकडे गेले. गाडीचे वेड मात्र गेले नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी, यावर आख्खे पुस्तक लिहिले.

आपल्याकडेही असे वेडे झाले आहेत. इचलकरंजीच्या शंकरराव कुळकर्ण्यांनी १९४०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंत ‘मीरा’ नावाची छोटी मोटार पुन्हा पुन्हा बांधली. तिच्या सस्पेन्शनला स्प्रिंगांऐवजी रबर होते. गाडी चालली, पण कारखान्यातून काही निघाली नाही. २०००च्या दशकात अलिबागजवळ ‘चिंकारा’ नावाची फायबरच्या अंगाची दोन माणसांची गाडी बनू लागली. रूप त्या लोटस सेव्हनचे आणि पोटात अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये बसणारे १.८ लिटरचे इसुझू इंजिन. म्हणजे वरून कॉलेजकुमार आणि आतून हेडक्लार्क.

या परंपरेत ताजी भर घातली ती माझ्या भाच्याने, मौजे माण येथे.

माण म्हणजे साताऱ्याकडचा दुष्काळी माण तालुका नव्हे. हे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला खेटून असलेले माण. आयटी पार्कचा तिसरा टप्पा आणि मेट्रोचा डेपो दोन्ही या गावाच्या शिवारात आले. एका अंगाला भाताची खाचरे, दुसऱ्या अंगाला काचेच्या इमारती, आणि मधल्या रस्त्यावर दोन्हींकडचे लोक एकाच टँकरच्या मागे अडकलेले. माझी थोरली बहीण, आक्का, इथे दिलेली. तिच्यामुळेच मीही याच रस्त्यावरच्या एका सोसायटीत कर्ज काढून राहतो. कर्ज आमच्याच बँकेचे, त्यामुळे मी रोज सकाळी माझ्याच देणेकऱ्याकडे कामाला जातो.

दाजी म्हणजे आक्काचे यजमान. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये एकतीस वर्षे काढून निवृत्त झाले. हाताला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब. तोंडाला मात्र दिवसाला शंभर शब्दांचा. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एक जुना लेथ घेतला, गोठ्याची शेड केली, तीन फेज लाईट घेतली, आणि मुलगा इंजिनिअर होऊन येईल म्हणून वाट पाहत बसले. मुलगा, म्हणजे आमचा बंटी, मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि तिसऱ्या टप्प्यातल्या एका काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. घरापासून नोकरी दोन किलोमीटर, पण दाजींच्या दृष्टीने तो अमेरिकेला गेला. त्यांनी लेथवर ताडपत्री टाकली. वर काही बोलले नाहीत. आणि ‘काही बोलले नाहीत’ हे पुढे आठ महिने चालले.

बंटीने त्या शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात मोटार बांधायला घेतली. कॉलेजात असताना तो मुलांनी बनवलेल्या रेसगाडीच्या चमूत होता. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर ‘फॉर्म्युला भारत’ची स्पर्धा होते, तिथपर्यंत जाऊन आला होता. त्यातून उठलेली ही खाज. भंगारात निघालेली एक ओम्नी घेतली. ओम्नीचे इंजिन उभे बसते आणि मागची चाके फिरवते, त्यामुळे लोटसच्या घाटाच्या गाडीला ते सोयीचे. चौकोनी नळ्यांची चौकट वेल्ड केली. आक्का रोज सकाळी झाडताना त्या चौकटीला वळसा घालायची आणि म्हणायची, “बाळू, लग्न लावून देऊ म्हटलं तर म्हणतो जागा नाही. आणि ही सवत कुठं मावली?”

ही गाडी रस्त्यावर आणता यायची नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे बदल करू देत नाही, आणि नवी गाडी नोंदवायची तर तिचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यात वेताळ टेकडीवरची ‘एआरएआय’ ही त्यांतलीच एक. एका गाडीसाठी तो खर्च म्हणजे एका पुरणपोळीसाठी साखर कारखाना. बंटी म्हणाला, “मामा, आपल्याच शेतात चालवणार. बांधापासून बांधापर्यंत.” शेतात चालणाऱ्या गाडीला आरटीओ विचारत नाही. पण आग विचारते. आग नंबरप्लेट पाहत नाही.

इथून आपल्या जोडाची कथा सुरू होते.

मोटारीत पेट्रोलची टाकी मागे असते आणि या गाडीत इंजिन पुढे. मधले सात-आठ फूट पेट्रोलला प्रवास करायचा. हा प्रवास धातूच्या पाईपातून व्हावा हे उत्तम. पाईप चौकटीला ठिकठिकाणी क्लिपांनी बांधलेला असतो. खडा उडाला, सरडा चढला, ऊन लागले, तरी त्याला फरक पडत नाही. पण हाच पाईप थेट इंजिनाला नेऊन भिडवला तर मात्र तो घात करतो. कारण चौकट स्थिर आणि इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले. ते सुरू होताना अंग झाडते, बंद होताना उचकी देते, आणि मधल्या काळात सतत थरथरते. तार हातात घेऊन पंचवीस वेळा वाकवली की कशी तुटते, तसा तो पाईप कुठेतरी बारीक चिरतो. म्हणून शेवटचा हातभर रस्ता लवचीक होजचा. तो इंजिनाबरोबर हलतो, त्याला थोडी ढील दिलेली असते, त्यामुळे कोणी ओढले जात नाही. मग सगळाच रस्ता होजचा का नाही करायचा? तर रबर घासते, तापते, म्हातारे होते. घराला भिंती लागतात आणि दारेही लागतात. नुसत्या भिंतींची कोठडी होते आणि नुसत्या दारांचा मांडव.

गंमत अशी झाली की आमच्या गाडीतला लोखंडी पाईप दाजींनी केला. कोणी सांगितले नाही, कोणी विचारले नाही. बंटी दिवसा कामावर असायचा, तेव्हा दाजी शेडमध्ये जायचे. आठ मिलिमीटरचा पोलादी पाईप. प्रत्येक वाकणावर एकसारखी गोलाई, कुठे चेपलेला नाही, एक्झॉस्टपासून लांब, दर फुटाला रबर लावलेली क्लिप. वाण्याच्या दुकानातल्या जमाखर्चासारखा सरळ. संध्याकाळी बंटी आला, त्याने पाईप पाहिला आणि तोही काही बोलला नाही. त्याने इंजिनाकडून होज आणला.

होजही त्याने पारखून घेतला होता, हे मी कबूल करतो. पूर्वी कार्बोरेटरला पेट्रोल म्हणजे पाहुण्याला पाणी, हळू गेले तरी चाले. इंजेक्शनच्या इंजिनात पंप ते साधारण तीन बार दाबाने ढकलतो. मोटारीच्या टायरात असतो त्याच्या दीडपट हा दाब. शिवाय आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसापासून निघालेले हे द्रव्य जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवते, मऊ करते किंवा तडे पाडते. शेवटी उसाचेच, कुणाच्या तरी अंगावर येणारच. म्हणून आतून फ्लोरोकार्बन रबराचे अस्तर असलेला, इंजेक्शनच्या दाबाचा, अंगावर ‘आर-९’ छापलेला होज लागतो. बंटीने तो नाना पेठेतून आणला. मीटरचा भाव ऐकून आक्काने तेवढ्यात पैठणीचा काठ येईल असे सुनावले.

तर आता हिशेब असा. पाईप दाजींचा. होज बंटीचा. दोघे एकमेकांच्या समोर येऊन थांबले. आणि मधला एक इंच, जिथे होज पाईपवर चढायचा, तो कोणाचाच नव्हता. दाजींना वाटे, होज त्याचा, तो चढवील. बंटीला वाटे, पाईप त्यांचा, टोक ते तयार करून देतील. विचारायचे तर बोलावे लागले असते.

बँकेत आमच्याकडे अशा गोष्टींसाठी एक खाते असते, सस्पेन्स अकाउंट. रक्कम आली आहे, पण कोणाची ते ठाऊक नाही; मग ती तिथे टाकायची. नवख्याला वाटते, झाले काम, ताळा जुळला! जुना कारकून मात्र त्या खात्याकडे विंचवाच्या बिळाकडे पाहावे तसा पाहतो. पुढे कधी घोटाळा निघालाच, तर त्याचा पहिला धागा बहुतेक तिथेच सापडतो. मी त्या पाईपाच्या टोकाकडे पाहिले आणि मला आमचे सस्पेन्स अकाउंट दिसले.

आजूबाजूचे लोक मदतीला होतेच. आमच्या सोसायटीचा प्लंबर म्हणाला, “टेप मारा साहेब. टेफ्लॉन टेप.” प्लंबरच्या मते विश्वातली कोणतीही गळती टेपने थांबते. पण पेट्रोलच्या होजखाली टेप गुंडाळली तर तिची सुटलेली चिंधी पेट्रोलबरोबर जाऊन इंजेक्टरच्या केसासारख्या भोकात बसते. शेजारचे निवृत्त सुभेदार म्हणाले, “अडकवा आणि वरून तार आवळा.” दूधवाला म्हणाला, “आमच्या मोटारसायकलला नुसता घुसवलाय, चाललंय.” ‘चाललंय’ हा आपल्याकडचा सर्वांत मोठा तांत्रिक निकष आहे. तो पूल पडेपर्यंत लागू असतो.

खंडेनवमी आली. आक्काने शेड सारवली. पाने, कानशी, करवत, ड्रिल मशीन सगळे धुऊनपुसून पाटावर मांडले. लेथला ताडपत्रीवरूनच हळदकुंकू लावले. बंटीच्या लॅपटॉपलाही लावले, कारण तिच्या मते तो ज्याने पोट भरतो ते हत्यारच. बंटीच्या मनात होते, आज निदान पंप चालवून पाहायचा. आदल्या रात्री त्याने होज पाईपवर दामटून घुसवला होता आणि पेचाने आवळायची पट्टीची क्लिप लावली होती. आपण जिला जुबली क्लिप म्हणतो ती. इंग्रजी आरमारातल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या कमांडरने १९२१ साली तिचे पेटंट घेतले. रेडिएटरच्या जाड नळीला, गॅसच्या नळीला, बागेतल्या पाइपाला ती उत्तम. मला बॅटरी धरायला बोलावले होते. यंत्राच्या ठिकाणी बँकवाल्याला हेच काम मिळते.

पण बॅटरी धरणाऱ्याला एक फायदा असतो. उजेड कुठे पाडायचा ते तो ठरवतो.

मी म्हटले, “बंटी, तुझ्या त्या स्पर्धेचं नियमांचं पुस्तक आहे का रे?” त्याने मोबाइलवर काढून दिले. परिपत्रके वाचण्यात माझी हयात गेली. इंजिनिअर मंडळी नियमाचे शीर्षक वाचतात; आम्ही तळटीप वाचतो. मी मोठ्याने वाचू लागलो. नियमाचा अर्थ असा होता: रबरी होज ज्यावर चढवायचा त्याला गोल फुगवटा किंवा काटे असले पाहिजेत. क्लिप पेट्रोलसाठीच बनवलेली हवी. ती होजला सगळीकडून, पूर्ण तीनशे साठ अंशांत धरणारी हवी, नटबोल्टने आवळणारी हवी, आणि होज कापला जाऊ नये म्हणून तिच्या कडा बाहेर वळवलेल्या हव्यात. आणि पुढे स्वच्छ लिहिले होते की पेचाच्या पट्टीची क्लिप पेट्रोलच्या नळीला मान्य नाही.

“मामा, ते स्पर्धेसाठी आहे,” बंटी म्हणाला.

“स्पर्धेतलं पेट्रोल वेगळं पेटतं का?”

“मामा, टेस्टपुरतंच आहे. दोन मिनिटं.”

“आमच्याकडे एन्ट्री करणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो. करणाऱ्याने स्वतःच तपासलं की पासबुक खूश आणि ऑडिटर नाखूश. मी हे पास करणार नाही.”

“तुमची सही कोण मागतंय?” असे म्हणून त्याने किल्लीला हात घातला. आणि नेमक्या त्याच क्षणी आक्का पूजेचे ताट घेऊन शेडमध्ये शिरली. ताटात पेटलेले निरांजन, उदबत्तीचा पुडा, आणि चेहऱ्यावर लेकाच्या गाडीला ओवाळायची हौस.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. पेटते ते पातळ पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीवर पाण्यासारखी पसरते, उंबऱ्यापर्यंत जाते, आणि जिथे ज्योत असेल तिथून उलट परत येते. ठिणगी मिळाली तर शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही ती पेट घेते. माणच्या ऑक्टोबरात तर विचारूच नका.

“चावी फिरवू नगं.”

आवाज दारातून आला. दाजी उभे होते. आठ महिन्यांनी त्यांनी मुलाशी बोललेले हे पहिले वाक्य. बंटीचा हात किल्लीवरच थांबला. दाजींनी आक्काच्या हातातून ताट घेतले. निरांजन फुंकले नाही, आक्काने ते चालवून घेतले नसते. ताट तसेच अंगणात तुळशीपाशी नेऊन ठेवले. परत आले, गाडीशेजारी उकिडवे बसले, आणि दोन बोटांनी होज धरून एक हिसका दिला. होज क्लिपसकट त्यांच्या हातात आला.

“माझ्या हातानं निघतंय,” ते म्हणाले, “तीन बार काय करंल?”

शेडमध्ये कोणी काही बोलेना. मी बॅटरी त्या टोकावर धरून ठेवली. पाईपाचे टोक गुळगुळीत होते, सापासारखे. दाजी त्यावरून अंगठा फिरवत हळूच म्हणाले, “चूक तुझी न्हाई. बीड मी काढायला पायजे हुतं.” मग माझ्याकडे वळून, “पाव्हणं, बोटात अंगठी का ऱ्हाती? पेरामुळं. पेर नसतं तर काय बी घाला, निसटनारच.”

पाईपाच्या टोकाजवळ गोल फुगवटा काढायचा, होज त्याच्यावरून दामटून पुढे एक इंच न्यायचा, आणि क्लिप फुगवट्याच्या पलीकडे, होजच्या टोकाकडच्या अंगाला आवळायची. मग दाबाने होज मागे सरकू लागला की क्लिप त्या पेरावर अडते. इतकी साधी गोष्ट. पण तो फुगवटा काढायला साचा लागतो. साचा दाजी लेथवर करू शकत होते. त्यांनी ताडपत्रीकडे हात नेला.

“अहो!” आक्का कडाडली. “आज खंडेनवमी. आज हत्यार उचलायचं नाही!”

“मग मी लॅपटॉपवर ड्रॉइंग तरी काढतो,” बंटी म्हणाला.

“त्यालाही हळदकुंकू लावलंय. तेही नाही.”

बँकेला सुट्टी जाहीर झाली की तिजोरी उघडत नाही, तसा हा प्रकार. त्यामुळे त्या रात्री आमच्या माणच्या घरात जे घडले ते केवळ धर्मशास्त्रामुळे घडले. बाप आणि लेक दोघांनाही कोणतेच हत्यार उचलता येत नव्हते. उरले एक पेन्सिल आणि माझ्या बँकेच्या कॅलेंडरची पाठ. तिच्यावर दोघे ओट्यावर बसून रात्री साडेअकरापर्यंत साचा काढत होते. दोन भागांचा ठोकळा, मध्ये पाईपाचे भोक, तोंडाशी फुगवट्यापुरती खाच, वरून दाबायला एक पंच. पाईप ठोकळ्यात आवळायचा, पंच दाबला की धातू खाचेत फुगतो. बंटी म्हणे, फुगवटा जास्त काढू. दाजी म्हणत, जास्त काढलास तर तिथंच पाईप फाटेल. बंटीने आकडे मांडले. दाजींनी त्यातला एक खोडला. बंटीने कारण विचारले. दाजींनी कारण सांगितले! दिवसाची शंभर शब्दांची मर्यादा त्या रात्री ओव्हरड्राफ्टमध्ये गेली.

दसऱ्याला सकाळी सोने लुटायच्या आधी लेथवरची ताडपत्री निघाली. आठ महिने बंद असलेले यंत्र आधी कुरकुरले, मग गुणगुणू लागले. दुपारपर्यंत साचा तयार. पाईपाचे टोक करवतीने नव्हे, पाईप कटरने सरळ कापले. आतली बर काढली, हवेने फुंकून कीस साफ केला, कारण तोच कीस पुढे इंजेक्टरचा गळा धरतो. मग साच्यात धरून फुगवटा काढला. नव्या नवरीच्या पेरासारखा, नाजूक पण ठाम. बंटीने त्यावरून नख फिरवले आणि म्हणाला, “परफेक्ट, आप्पा.” दाजींनी चष्मा पुसला. लेथचे तेल उडाले असेल.

गाडी मात्र दसऱ्याला सुरू झाली नाही. योग्य क्लिपा यायच्या होत्या. मुहूर्त टळला म्हणून आक्का हळहळली, पण क्लिप आल्याशिवाय नाही, यावर बापलेकांचे प्रथमच एकमत झाले. पुढच्या आठवड्यात क्लिपा आल्या. रविवारी आम्ही सगळे जमलो. शेडची दोन्ही दारे उघडी, देवघरातला दिवा शांत, आगीचे सिलिंडर दाजींच्या हातात. खाली वर्तमानपत्र पसरले. होजवर एक उभी रेघ छापलेली असते. ती सरळ राहिली म्हणजे होजला पीळ बसलेला नाही, हे मी उजेड पाडून पाहिले आणि तोंडी पास केले. बंटीने इंजिन सुरू न करता नुसती किल्ली दिली. पंप दोन सेकंद गुणगुणून थांबला. पुन्हा दिली, पुन्हा थांबला. दाब भरला. अर्धा तास आम्ही त्या एका इंचाकडे पाहत बसलो. इतक्या एकाग्रतेने मी लग्नात अंतरपाटाकडेही पाहिले नव्हते. मग दाजींनी कोरडा टिश्यू पेपर जोडावरून फिरवला, उजेडात धरला, नाकाला लावला. कोरडा. वास नाही.

इंजिन पहिल्या हिसक्यात लागले नाही, चौथ्यात लागले. गाडी बांधापासून बांधापर्यंत गेली आणि परत आली. दाजींनी ती गरम असतानाच बंद करायला लावली आणि पुन्हा जोड तपासला, कारण रबर तापले की बसते आणि क्लिप ढिली पडते. त्यांनी पाव फेरा आवळली. पुढच्या रविवारी पुन्हा पाहायचे, असे भिंतीवर खडूने लिहिले. खाली तारीख. त्याखाली दोघांच्या सह्या. ती पद्धत मी सुचवली होती.

त्यानंतर दर रविवारी ते दोघे त्या गाडीखाली पाय बाहेर काढून पडलेले असतात. एक्झॉस्ट कुठून न्यायचा यावर सध्या जोरदार वाद चालू आहे. बंटी म्हणतो डावीकडून, दाजी म्हणतात उजवीकडून, आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येतो. परवा आक्काचा मला फोन आला.

“बाळू,” ती म्हणाली, “आठ महिने घरात कशी शांतता होती रे! काय तो तुझा जोड जोडलास!”